चाकाचा व्यास आणि धारेचे पाणी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



भाता, ऐरण आणि घण ही आपल्या लोहार ज्ञातीची दैवतेच होत. त्यांच्या शेजारी आता पुष्कळ घरांत पट्ट्याचे घासयंत्र, म्हणजे बेल्ट ग्राइंडर, येऊन बसले आहे. त्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. मात्र हे यंत्र बांधावयास घेणारी तरुण मंडळी पहिला प्रश्न करतात तो असा की, मोटारीवर मोठ्यांत मोठे चाक कोणते बसेल? आमच्या मते हा प्रश्न उलटा आहे. कामास पट्ट्याची गती किती हवी हे आधी ठरवावे. चाक त्यावरून ठरते.

हिशेब सोपा आहे. मोटारीवरील चाक एकदा फिरले की त्याच्या परिघाइतका पट्टा पुढे सरकतो. म्हणून व्यासास ३.१४ ने आणि नंतर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे. आपल्याकडे दोन पोलची मोटार मिनिटास सुमारे २,८८० फेरे घेते, चार पोलची सुमारे १,४४०. पहिलीवर १०० मिलिमीटरचे चाक बसविल्यास पट्टा सेकंदास १५ मीटर धावतो. १५० मिलिमीटरचे बसविल्यास साडेबावीस मीटर. ज्या चाकावर आपण पाते टेकवितो ते लहानमोठे केल्याने ही गती बदलत नाही. अमेरिकेतील आराखडेही जसेच्या तसे उचलू नयेत. तेथील वीज ६० हर्ट्झची व मोटार सुमारे ३,४५० फेऱ्यांची. तेच चाक आपल्या ५० हर्ट्झवर सुमारे एक षष्ठांश कमी गती देईल.

मोठ्या चाकाने गती वाढते, पण जोर वाढत नाही, उलट घटतो. एक अश्वशक्तीच्या मोटारीचा सर्व जोर पट्ट्यास मिळाला असे धरले, तरी सेकंदास १५ मीटर गतीस तो सुमारे पाच किलो भरतो आणि साडेबावीस मीटरला सव्वातीन किलोच उरतो. पट्टा भरधाव दिसतो, पण पाते दाबताच मोटार दमते.

याहून मोठी हानी उष्णतेने होते. पाणी दिलेल्या पोलादावर सुमारे २२० अंशांस फिकट पिवळी छटा येते आणि ३०० अंशांच्या आसपास निळी. पातळ धार वेगवान पट्ट्यावर क्षणात निळी पडते आणि तिचे पाणी उतरते. तो निळा डाग पॉलिशने पुसता येतो. उतरलेले पाणी पॉलिशने परत येत नाही. असा कोयता दुकानात चकाकतो आणि उसाच्या फडात मान टाकतो. मग गिऱ्हाईक यंत्रास दोष देत नाही, लोहाराचे नाव घेते.

सबब आमची सूचना अशी. पाणी देण्यापूर्वीच्या भरड कामास सेकंदास २० ते ३० मीटर गती योग्य. पाणी दिल्यावर धारेच्या कामास ५ ते १० मीटर पुरे. त्यातही पाते वरचेवर पाण्यात बुडवावे आणि पट्टा बोथट झाला की बदलावा. एकाच गतीचे यंत्र घेणाऱ्याने दोन पोलच्या मोटारीवर १०० मिलिमीटरचे चाक बसवावे. तो मध्यम मार्ग आहे. ऐपत असल्यास दोन अश्वशक्तीची थ्री फेज मोटार, १५० मिलिमीटरचे चाक आणि गती कमीजास्त करणारा व्हीएफडी घ्यावा. वीज १५ हर्ट्झवर आणली की तोच पट्टा सेकंदास पावणेसात मीटरवर येतो. मात्र मंद गतीत मोटारीचा पंखाही मंदावतो, म्हणून ती तापते काय हे हात लावून पाहावे. लोखंडाची धूळ आत शिरू नये यासाठी मोटार बंदिस्तच असावी. डोळ्यांस चष्मा, नाकास मुखपट्टी हवी. पदर वा उपरणे पट्ट्याजवळ नेऊ नये.

बंधूंनो, लोखंडाचा रंग पाहून ताव ओळखणे ही आपल्या वाडवडिलांची विद्या. यंत्र आल्याने ती कालबाह्य झालेली नाही. उलट पूर्वीपेक्षा अधिक त्वरेने वापरावी लागते. मुलांच्या हाती यंत्राची कळ देण्यापूर्वी ही नजर द्यावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.