शनिवारी एक तास, आपणही बसून

(मासिक बैठकीतल्या भाषणाचा मजकूर)

हप्ते जमा झाले, कर्जाचे अर्ज झाले. आता पाच मिनिटं टीव्हीबद्दल बोलते. हसू नका, विषय कामाचा आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढे शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा लागायला लागला. आपल्यातल्या मोठ्या मावश्यांना विचारा. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी सगळी आळी जमायची. म्हातारी माणसं पुढं, पोरं जमिनीवर, आणि घरातली सून? ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. अर्धा सिनेमा कानांनीच बघायची.

२००४ मध्ये ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं. आदेश भावोजी घरी यायचे, सुनेला पुढं बोलवायचे, खेळ घ्यायचे आणि जिंकणारीला पैठणी द्यायचे. सासू, नवरा, पोरं टाळ्या वाजवायची. पैठणी तर आवडायचीच, पण एरवी दारात उभी असणारी बाई त्या दिवशी घराच्या मधोमध असायची, हे आपल्याला जास्त आवडायचं.

आता आपल्या घरात बघा. ‘हास्यजत्रा’ लागते, सासरे हसतात, पोरं हसतात. आपण कुठं असतो? तव्यापाशी. “काय झालं गं?” असं विचारेपर्यंत विनोद संपलेला असतो.

म्हणून एक सुचवते. आठवड्यातून एक तास घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसायचं, आणि आपणही बसायचं. भाकरी आधी उरकू किंवा नंतर करू. ताटं-पाणी मुलानंही घ्यावं, त्याचे हात काही झिजत नाहीत. त्या तासाला मोबाईल फडताळात.

तुम्ही म्हणाल, चाकणला शनिवार कुठला मोकळा? खरंय. आपल्याकडे कंपन्यांची सुट्टी बहुतेक गुरुवारी. नवरा दुसऱ्या पाळीला असला तर तो मध्यरात्रीच उगवतो. मग गुरुवारी बसा. भाग मोबाईलवर नंतरही बघता येतो. वार कोणताही चालेल, तास मोडू नका. एका खोलीत भाड्यानं राहणाऱ्या ताईंनाही हे जमेल. खोली एकच असली की सगळे तसेही जवळच असतात.

आणखी एक. काही विनोद बायकोच्या जाडीवर, मुलीच्या रंगावर असतात. तेव्हा टीव्ही बंद करून भांडू नका. शेजारी बसलेल्या लेकीला आणि लेकालाही विचारा, “हे तुझ्याबद्दल कुणी बोललं तर चालेल का?” आजीलाही बोलू द्या. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये पोस्टमन पत्र वाचायला लागला की आजीचे डोळे का भरून यायचे, हे नातवंडांनी कधी विचारलंय का? अशी बोलणी एरवी निघत नाहीत. ती एकत्र बसल्यावरच निघतात.

पुढच्या बैठकीत हप्ते घेण्याआधी मी विचारणार आहे, “सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून कार्यक्रम कुणी बघितला?” हात वर करायचे. आणि कुणाला उठावं लागलं असेल तर का उठावं लागलं, तेही सांगायचं. त्यावर आपण मिळून बोलू.