टाकळीचा बंधारा आणि रुआकानाचं वीजगृह
(सोलापुरातील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आफ्रिकेच्या नैऋत्य भागात कुनेने नावाची नदी आहे. ती अंगोलाच्या पठारावर उगम पावते आणि पुढे अंगोला व नामिबिया यांची सरहद्द होते. ती सरहद्द जिथे सुरू होते तिथे, नामिबियाच्या बाजूला, रुआकाना हे लहानसं गाव आहे. १९७० च्या दशकात तिथे जलविद्युत केंद्र बांधलं गेलं आणि त्याच्या कामगारांसाठी हे गाव वसलं. इतक्या लांबचं नाव मी इथे घेतो आहे ते आपल्या दक्षिण सोलापुरातल्या टाकळीसाठी.

रुआकानाला नदी सुमारे १२० मीटर खाली कोसळते. वीजगृह जमिनीच्या पोटात, कातळ कोरून केलेलं आहे. वीजगृह नामिबियात, पण त्याला पाणी पुरवणारी धरणं वरच्या अंगाला अंगोलात. १९६९ मध्ये करार झाला तेव्हा एका काठावर दक्षिण आफ्रिकेचा अंमल होता, दुसऱ्या काठावर पोर्तुगालचा. पुढे अंगोला स्वतंत्र झाला आणि दक्षिण आफ्रिकेशी त्याची लढाई या नदीपर्यंत येऊन ठेपली. २७ जून १९८८ रोजी अंगोलाच्या बाजूने लढणाऱ्या क्युबाच्या विमानांनी कालुएके धरणावर बॉम्ब टाकले. याच धरणातून उत्तर नामिबियातल्या कोरड्या गावांना कालव्याने पाणी जातं.

मार्च १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झाला. त्याच वर्षी दोन्ही देश बसले, जुने करार उचलून धरले आणि कुनेनेच्या पाण्यासाठी संयुक्त तांत्रिक आयोग कामाला लावला. बॉम्बहल्ल्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

आता आपल्याकडे येऊ. सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याने निघालं की टाकळीला भीमा आडवी येते. पूल ओलांडला की धूळखेड, कर्नाटक. दुकानांच्या पाट्या बदलतात, एसटीच्या जागी त्यांची बस दिसते. माणसं मात्र तीच. अलीकडे कन्नड बोलणारी घरं आहेत, पलीकडे मराठी समजणारी, आणि सोयरीक दोन्हीकडे. इथल्याच बंधाऱ्यातून सोलापूर शहराच्या पाण्याचा एक भाग उचलला जातो.

हे पाणी येतं भीमेवरच्या उजनी धरणातून. धरणाचं काम १९६६ मध्ये सुरू झालं आणि १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. पाणी या मृतसाठ्यात उतरलं की ‘उजनी मायनसमध्ये गेलं’ हे वाक्य आपल्याकडे शाळकरी पोरही बोलतं. धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचं वीजगृह आहे. तिथलं यंत्र दुहेरी कामाचं आहे. पाणी खाली सोडताना ते वीज करतं आणि उलटं फिरवलं की खालचं पाणी पुन्हा धरणात चढवतं. पावसाळ्यात विसर्गाच्या बातमीत ‘वीजनिर्मितीतून १६०० क्युसेक’ असा आकडा येतो ना, तो याच यंत्रातून गेलेल्या पाण्याचा.

१२ मेगावॉट म्हणजे काहीच नाही, असं कोणी म्हणेल. रुआकानाची क्षमता तीनशे मेगावॉटच्या वर आहे. पण भीमेची खरी वीज धरणाच्या पायथ्याशी होतच नाही. टाकळीच्याच तालुक्यात फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे. तिथे कोळसा जळतो, पण वाफेला पाणी लागतं, आणि ते उजनीतूनच नळाने आणलं जातं. म्हणजे ज्या नदीच्या भरवशावर एवढी वीज होते, त्याच नदीचं पाणी पिणाऱ्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. हे मला सहन होत नाही, आणि तुम्हालाही होऊ नये.

उन्हाळ्यात टाकळीचा बंधारा आटला की उजनीतून नदीत पाणी सोडतात. एका पाळीला पाच-सहा टीएमसी. शहराला त्यातलं लागतं फार थोडं. बाकीचं कोरडं पात्र पितं, ऊन पितं, काठावरच्या मोटारी पितात. म्हणून पाणी टाकळीला पोहोचेपर्यंत काठावरच्या शेतीपंपांची वीज तोडायचा हुकूम निघतो. ऊस डोळ्यांदेखत वाळत असताना समोरून भरलेली नदी जाते आणि स्टार्टरचं बटण दाबून काही होत नाही, ही त्या शेतकऱ्याची स्थिती. त्याला पाणीचोर म्हणणं सोपं आहे. त्याच्या जमिनीवरून शहराचं पाणी न्यायची वेळ आपण का आणली, हा प्रश्न आधी विचारायला हवा. आणि सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम पात्राच्या मध्यावर संपतो. पलीकडच्या पंपांना वीज देणारी कंपनी वेगळी, जिल्हा वेगळा, सरकार वेगळं. पलीकडच्या बाईलाही घागर भरायचीच असते. तिचा यात काय दोष?

भीमा ज्या कृष्णेला मिळते तिच्या खोऱ्यातल्या पाण्याचं वाटप लवादाने केलं. महाराष्ट्राला ५६० टीएमसी, कर्नाटकाला ७००. हे आकडे आपल्याला पाठ आहेत. सीमावादावरच्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटबद्दल काय म्हटलं, त्यावरही आपण तावातावाने बोलतो. पण मे महिन्यात टाकळीच्या बंधाऱ्यात किती फूट पाणी आहे आणि दोन्ही काठांनी किती उचललं, यावर सभा भरत नाहीत.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. पिण्याचं पाणी नदीतून सोडणं थांबलं पाहिजे. शहराला लागेल तेवढं सगळं उजनीतून थेट जलवाहिनीनेच यावं आणि उरलेली पाळी काठावरच्या शेतीच्या नावाने, वेळापत्रक जाहीर करून सुटावी. दुसरी मागणी टाकळीपुरती. बंधाऱ्यावर दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी एकत्र उभं राहून पाणी मोजावं आणि तो आकडा मराठीत व कन्नडमध्ये पुलाच्या दोन्ही टोकांना रोज लावावा. अंगोला आणि नामिबिया हे दोन देश आहेत, तरी एका आयोगात बसतात. आपण एकाच देशात राहतो. या सभागृहातून निघताना आपापल्या नगरसेवकाला आणि आमदाराला या दोन मागण्यांचं पत्र लिहा, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा लिहा.