वेबसाइट सांभाळणार कोण?



समजा, आपल्या सोलापुरातल्या चार-पाच कॉलेजकन्यांनी सुट्टीत मिळून बचत गटाच्या हिशोबाचं एक सॉफ्टवेअर तयार केलं. कुणीही फुकट घ्यावं, वापरावं असं. आता त्याला वेबसाइट हवी. सॉफ्टवेअर तिथून उतरवून घेता यावं, ते वापरायचं कसं हे वाचता यावं. मग पहिला वाद होतो तो हाच, की वेबसाइट चालवायची कशावर? एक म्हणते वर्डप्रेस, दुसरी म्हणते ड्रुपल, तिसरी म्हणते जूमला. यांना सीएमएस म्हणतात. संगणकाची भाषा न शिकता, नेहमीसारखं टाइप करून वेबसाइटवर मजकूर घालायची ही यंत्रणा. तिन्ही फुकट मिळतात. तेव्हा पैशाचा प्रश्न फारसा नाही. खरा प्रश्न आहे तो पुढं सांभाळायचं कुणी?

सांभाळणं म्हणजे काय, ते एका घटनेवरून सांगते. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीत एक मोठी फट असल्याचं जाहीर झालं. दुरुस्तीही लगेच दिली होती. पण दोन आठवड्यांनी ड्रुपलच्याच सुरक्षा गटानं सांगितलं, की ज्यांनी पहिल्या सात तासांत दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपल्या वेबसाइटमध्ये चोर शिरला असंच धरून चालावं. आपल्या घड्याळात हे सात तास रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार! पगारी माणसं ठेवणाऱ्या कंपनीची गोष्ट वेगळी. आपल्या मुलींपैकी एकीची परीक्षा, दुसरी दिवसभर नोकरी करून झोपलेली. त्या वेळी कोण उठणार?

असा दोष कुठल्याही यंत्रणेत निघू शकतो. म्हणून दुरुस्ती आपोआप होते का, हे आधी विचारावं. वर्डप्रेसमध्ये छोट्या दुरुस्त्या २०१३ पासून आपोआप बसतात. मात्र त्याला वरून जोडायची प्लगइन्स जितकी जास्त, तितकी राखण जास्त.

यावर काही जणी म्हणतील, सीएमएस नकोच. ह्यूगोसारख्या साधनानं पानं आधीच तयार करून ठेवायची, म्हणजे फोडायला फारसं काही उरतच नाही. खरं आहे, आणि खर्चही कमी. पण त्यात मजकूर घालायची रीत थोडी तांत्रिक. गटाचा हिशोब लिहिणाऱ्या ताईंना ती जमली नाही, तर लिहिणारी मुलगी एकटीच उरते. तिला पुण्याला नोकरी लागली की वेबसाइट तिथंच थांबते.

आपल्या सोलापूरची आणखी एक गरज आहे, भाषेची. पूर्व भागात विडी वळणाऱ्या कितीतरी बायका घरी तेलुगू बोलतात. कुणी कन्नड, कुणी उर्दू. हिशोब समजावून सांगायचा तर तो त्यांच्या भाषेत हवा. अनेक भाषांची सोय आजच्या ड्रुपलमध्ये मुळातच आहे. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी प्लगइन लागतं.

मोठ्या प्रकल्पांनाही हा पेच चुकलेला नाही. लिब्रेऑफिस हे मराठीतूनही वापरता येणारं मोफत सॉफ्टवेअर. त्याची घोषणा २८ सप्टेंबर २०१० रोजी झाली, तेव्हा जगभरातल्या स्वयंसेवकांना अनेक भाषांतली वेबसाइट हवी होती. काही जण ड्रुपलच्या बाजूचे होते. पण वेबसाइट उभी राहिली ती न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या सिल्व्हरस्ट्राइपवर, आणि पुढं अनेक वर्षं त्यावरच चालली. यंत्रणा फार नावाजलेली नसली तरी चालते, ती चालवणारी माणसं मात्र हवीत.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरातली मुलगी अशा कामात असेल तर तिला तीन गोष्टी विचारा. आज तुमच्यातल्या किती जणींना ही यंत्रणा चालवता येते? दोन तरी हव्यात. उद्या यंत्रणा बदलायची झाली, तर सगळा मजकूर बाहेर काढता येतो का? आणि वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर, पासवर्ड कुणाकडे? बचत गटाचं बँक खातं आपण एकटीच्या सहीवर ठेवत नाही. इथंही तोच नियम लावा.

शिवाय महिन्यातून एकदा सगळ्याची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवायची, आणि ती प्रत उघडते का हेही पाहायचं. एवढं ठरलं, की मग वर्डप्रेस की ड्रुपल हा वाद खुशाल घाला.