मागावं, पण हिशेबानं

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)

रामकृष्ण हरी.



मी उभा राहिलो म्हणल्यावर तुम्हाला वाटलं असंल, आता म्हातारा अभंग लावणार. आज कीर्तन नाही. मी चौथी शिकलेला शेतकरी, आज फाईलीवर बोलणार आहे. हसू नका. आपल्या दिंडीच्या मागं जी शौचालयाची ट्रॉली चालते ती कशी आली, त्याची ही हकिकत आहे. उद्या तुमच्यापैकी कुणाला दिंडीसाठी अर्ज करायची वेळ आली तर उपयोगी पडंल.

२०१७ सालची वारी. दिवे घाटात आपल्या दिंडीतली एक आजी चक्कर येऊन पडली. औषधाच्या गाडीतला डॉक्टर म्हणाला, अंगात पाणीच नाही. मी तिच्या सुनेवर चिडलो. म्हणलं, "अगं, म्हातारीला पाणी पाजायचं कळत नाही का?" ती खाली मान घालून म्हणाली, "आबा, त्या मुद्दामच पीत नाहीत. प्यायल्यावर जायचं कुठं? आम्ही समद्याच दुपारनंतर पाणी तोडतो."

मंडळी, मी तीस वर्षं कीर्तनात देहावर बोलत आलो. आणि माझ्याच दिंडीतल्या बाया पंढरीपर्यंत तहानलेल्या चालतात, हे मला ठाऊक नव्हतं. मुक्कामाच्या तळावर सरकारची फिरती शौचालयं असतात, ते चांगलं काम आहे. पण आपली राहुटी पडते तळापासून लांब, कुणाच्या तरी रानात. रात्री अंधारात बाईमाणसानं तिथवर जायचं कसं?

तालुक्याच्या गावी एका घराण्याचा धर्मादाय न्यास आहे. दवाखाना, शाळा, पाणी अशा कामांना पैसा देतात. मी स्वतःच्या हातानं चार पानी अर्ज लिहिला. दिंडीची परंपरा लिहिली, संतांचा महिमा लिहिला, आणि शेवटी लिहिलं, "यथाशक्ती मदत करावी." महिन्यानं उत्तर आलं एका ओळीचं. पूजाअर्चा व धार्मिक कार्यक्रमांना न्यास मदत देत नाही.

मला राग आला. घरी म्हणलं, आयुष्यात कीर्तनाची बिदागी ठरवून घेतली नाही, आणि आता दारोदार हात पसरायचा? तर माझी आई, तेव्हा ती होती, म्हणाली, "तुझा आजा काय करत होता रं? दिंडीसाठी घरोघर जाऊन जोंधळं मागायचा. आणि मठाच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारायचा. कुणाची किती पायली आली, किती शिजली, किती उरली. अक्षर येत नव्हतं, पर रेघ चुकली नाही." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मागणं आपल्याला नवं नाही. माझ्या अर्जात रेघाच नव्हत्या.

मग मी त्या न्यासाच्या कचेरीत गेलो. तिथल्या व्यवस्थापकांनी चहा पाजला आणि सरळ विचारलं, "महाराज, माणसं किती? बाया किती? खर्च किती, त्यातला तुमचा किती? घाण कुठं टाकणार? आणि वारी वीस दिवसांची. बाकीचं वर्षभर ट्रॉली काय करणार?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही. गप उठून आलो.

पुढचं वर्षभर आम्ही ही उत्तरं गोळा केली. २०१८ च्या वारीत दिंडीतल्या दोन मुलींनी वही घेऊन प्रत्येक बाईला विचारलं. दिंडीत माणसं १४०, त्यात बाया ८६. त्यातल्या ६१ जणींनी सांगितलं की दुपारनंतर पाणी पीत नाही. माझ्या चार पानांपेक्षा ही एक ओळ भारी होती.

मग कागद काढले, आणि तिथं आपली लाज निघाली. दिंडीचा न्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली कधीच नोंदलेला. पण धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतून परिशिष्ट एकचा उतारा काढला तर सात विश्वस्तांपैकी चार जण वैकुंठाला गेलेले! विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. आम्ही वर्षानुवर्षं दिला नव्हता. आता कागदावर मेलेली माणसं दिंडी चालवत असतील तर पैसा कोण देईल? उशिराची माफी मागून बदल अर्ज दाखल केला. त्याच्या मंजुरीला वेळ लागतो. म्हणून दाखल केल्याची पोच जोडली आणि जे खरं ते लिहिलं. लपवलं काही नाही.

तीन वर्षांचं लेखापरीक्षण करून घेतलं. न्यासाच्या नावाचं पॅन कार्ड काढलं. खातं माझ्या नावावर होतं, ते बंद करून न्यासाच्या नावानं उघडलं, दोघांच्या सहीचं. कुणी म्हणालं, मोठ्या कंपनीकडं जाऊ, सीएसआरचा पैसा असतो. पण ज्या संस्थेमार्फत कंपनी काम करते तिला २०२१ पासून सीएसआर-१ ही नोंदणी लागते, त्याला आयकराची नोंदणी आणि देणगीवरच्या करसवलतीची मान्यता लागते, आणि बहुतेक खर्च भजन-वारीवर करणाऱ्या न्यासाला ती मान्यता मिळणं अवघड. म्हणून सांगतो, आधी जवळचं दार वाजवा. आणि अर्ज लिहिण्याआधी ते कशाला पैसे देतात, कशाला देत नाहीत, हे विचारून या.

राहिला शेवटचा प्रश्न. बाकीचं वर्षभर काय? त्याचं उत्तर माझ्या उसाच्या फडात होतं. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, माझ्या बांधावरच कोप्या घालतात. त्या बाया पहाटे अंधारात उठून आडोसा शोधतात. इतकी वर्षं मी ते बघत होतो आणि बघत नव्हतो. सभेत मी म्हणलं, वारी सोडून ट्रॉली टोळीच्या तळावर उभी करू. दोघा-तिघांनी विरोध केला. "दिंडीची वस्तू, ती तिथं कशाला?" मग जुनी घटना आणून वाचली. आपल्या वाडवडलांनी उद्देशात लिहून ठेवलं होतं, "वारकऱ्यांची व गोरगरिबांची सेवा." वाचल्यावर वाद मिटला.

दुसरा अर्ज दीड पानाचा झाला. यथाशक्ती हा शब्द काढून टाकला. एकूण खर्च २,४०,००० रुपये. त्यात गावाची वर्गणी आणि दिंडीची भिशी मिळून ६०,०००, न्यासाकडं मागणी १,८०,०००. जुनी ट्रॉली गावातल्या एकानं फुकट दिली. चार शौचालयं, दोन न्हाण्या, वर पाण्याची टाकी. तीन वेल्डिंगवाल्यांची कोटेशनं जोडली. वाटेत मैला उपसणारी गाडी बोलवायची, गावात शोषखड्डा, धुवायला कोण, डिझेल कोण घालणार, सगळं नावानिशी लिहिलं.

पैसे मंजूर झाले, दोन हप्त्यांत. पहिल्याची बिलं दाखवल्यावर दुसरा. काम झालं आणि ११,६०० रुपये उरले. काही मंडळी म्हणाली, राहू द्या, मंडपाला लावू. मी म्हणलं, शौचालयासाठी मागितलेला पैसा मंडपाला लागला तर आजोबाची रेघ मी पुसली. न्यासाला पत्र लिहून कळवलं, इतके उरले, परत पाठवतो. त्यांचं लेखी उत्तर आलं, ट्रॉलीच्या दुरुस्तीला ठेवा. ते पत्र फाईलीत आहे.

२०१९ च्या वारीला ट्रॉली चालली. २०२० आणि २०२१ ला पायी वारी झाली नाही, तेव्हाही हंगामात ती टोळीच्या तळावर उभी होती. सगळं गोड झालं असं नाही. एकदा टाकी फुटली, एकदा धुणारा माणूस मिळाला नाही. तेव्हा टाळकऱ्यांनी आणि मी पाळी लावून धुतली. एक जण कुरकुरला, "महाराज, गळ्यात माळ आणि हातात झाडू?" म्हणलं, बाबा, माळ घातली ती ह्याचसाठी.

ती आजी आज पुढं बसली आहे. आता वाटेत पाणी मागून पिते.

तरुण मंडळींना एकच मागणं. मी आता थकलो. मागच्या वर्षी आपले दोन विश्वस्त गेले. त्यांचा बदल अर्ज मुदतीत दिलेला आहे, पोच फाईलीत आहे. पुढं माझं नावही असंच काढावं लागंल. तेव्हा रडत बसू नका, ९० दिवस मोजा. वीणा जशी खाली ठेवत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तशी ही फाईल कुणीतरी माझ्या हातातून आजच घ्यावी.

रामकृष्ण हरी.