हाताची विद्या
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा असणार. ते काम आमच्यापेक्षा अधिकारी वक्ते उद्या करणार आहेत. आम्हांला आज बोलावयाचे आहे ते मागच्या रांगांत बसलेल्या, दहावी-बारावीच्या उंबरठ्यावरील मुलामुलींशी, आणि थोडेसे त्यांच्या आईवडिलांशी. विषय आहे जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, म्हणजे व्यवहारात ज्यांना आपण फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन म्हणतो, त्यांच्या विद्येचा.

परप्रांतातला मराठी माणूस म्हटला की कचेरीतला लेखनिक, रेल्वेतला अधिकारी किंवा बँकेतला हिशेबनीस डोळ्यांपुढे उभा राहतो. हे चित्र खरे आहे, पण अर्धेच. याच शहराच्या सराफ्यात एक फेरी मारावी. अरुंद जिन्याच्या वरच्या खोलीत भट्टी पेटलेली असते आणि तिच्यापाशी बसलेला गृहस्थ अस्सल माणदेशी मराठीत बोलत असतो. विटे, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतून निघालेले हे गलाई व्यावसायिक. पाऊस नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून गाव सुटले. आणि जेथे जेथे सोन्याचांदीची पेठ, तेथे तेथे त्यांनी बिऱ्हाड मांडले. हाती पदवी नव्हती, कसब होते.

ते कसब कसले, हे मुलांनी नीट ऐकावे. मोडीचे सोने मुशीत वितळवून त्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळतात आणि तो मिश्र धातू नायट्रिक आम्लात, म्हणजे बाजारच्या भाषेतल्या तेजाबात, उकळतात. चांदी आणि तांबे विरघळतात, सोने मागे उरते. विरघळलेली चांदी तांब्याच्या पत्र्यावर पुन्हा उतरवून घेतात. चांदी कमी पडली तर तेजाब आतपर्यंत पोहोचत नाही. जास्त झाली तर सोन्याचा भुगा होतो. रसायनाच्या पुस्तकात हा धडा एका पानात आटोपेल. भट्टीपाशी तो अंगी मुरावयास वर्षे लागतात.

गुणगान करताना त्या तांबूस धुराकडे मात्र डोळेझाक करता येणार नाही. तो फुप्फुसांचा शत्रू आहे. धुराडे आणि पंखा नसलेल्या खोलीत आपला मुलगा बसवा, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. शिवाय २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, कसोटीच्या दगडाशेजारी क्ष-किरणांचे यंत्र येऊन बसले. वडिलांची विद्या मुलाला जशीच्या तशी पुरणार नाही. तिला शिक्षणाची जोड हवी.

त्या दुष्काळी टापूपासून जवळच, कुंडलच्या माळावर, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून बेळगावला त्यांनी सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले. त्यांचे नाव आपण भाषणांत अभिमानाने घेतो. घरच्या मुलाने कानस हाती धरली की मात्र आपला चेहरा उतरतो. मंडळाच्या वधू-वर नोंदवहीत ‘फिटर’ एवढेच लिहिलेले स्थळ किती जण उघडून पाहतात, हे त्या विभागाच्या कार्यकर्त्यांना विचारावे!

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, फिटरच्या विद्यार्थ्याला आरंभी लोखंडाचा एक तुकडा आणि कानस देतात. तुकडा सपाट करावयाचा. गुण्या लावून तो उजेडाकडे धरला की फटीतून प्रकाशाची बारीक रेघ दिसते. ती दिसेनाशी होईपर्यंत घासावयाचे. तळहाताला फोड येतात. पुढे सूक्ष्ममापक हाती येतो आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग ही रोजच्या बोलण्यातली गोष्ट होते. ज्याला हे साधते त्याला ‘अभ्यासात कच्चा’ म्हणणे आम्हांला मान्य नाही.

केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली, शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. आज देशात चौदा हजारांहून अधिक आयटीआय आहेत. सगळ्याच चांगल्या आहेत, असे नाही. काही ठिकाणी पाटी मोठी आणि लेथ बंद, असा प्रकार असतो. म्हणून पालकांनी माहितीपत्रक वाचून न थांबता कर्मशाळेत जावे; यंत्रे चालू आहेत का, एका यंत्रामागे मुले किती, आणि शिकाऊ उमेदवार म्हणून मुलांना कोणते कारखाने घेतात, हे विचारावे. उमेदवारीतले विद्यावेतन बेताचेच असते, हेही आधी समजून घ्यावे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केल्यावर तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षाला आणि तेथून अभियांत्रिकीला जाण्याची वाट आहे. पदवीचे दार त्यामुळे बंद होत नाही. आणि हे सारे मुलींनाही उद्देशून आहे, हे वेगळे सांगावे लागू नये.

आता एक मागणी. मंडळाच्या शिष्यवृत्त्या आजवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मिळत आल्या. सुवर्णमहोत्सवी निधीच्या व्याजातून यंदापासून दोन शिष्यवृत्त्या आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठी राखाव्यात आणि रकमेबरोबर हत्यारांची एक पेटीही द्यावी, असे पत्र आम्ही कार्यकारिणीला दिले आहे. गुणगौरव समारंभात त्या मुलांना इतरांच्याच रांगेत बसवावे, असेही त्यात लिहिले आहे. सभासदांनी सर्वसाधारण सभेत या ठरावाला पाठिंबा द्यावा, ही विनंती.

सराफ्यातील दोघा गलाई बांधवांनी येत्या रविवारी सकाळी मुलांना भट्टीचे काम दाखविण्याचे कबूल केले आहे. खोली लहान आहे, एका वेळी आठच जणांना जाता येईल. नावे कचेरीतल्या वहीत नोंदवावीत आणि येताना सुती कपडे व बंद पादत्राणे घालून यावे.