नवगावचं कबरस्तान



अलिबागहून उत्तरेला निघालं की थळ लागतं आणि त्याच्या पुढे, किनाऱ्याला लागून, नवगाव. इथल्या कबरस्तानापासून बेने इस्रायल समाज, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आपला इतिहास मोजतो. परंपरा सांगते की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. लाटांनी आणून टाकलेली बाकीच्यांची प्रेतं इथेच पुरली गेली, पुरुष एका उंचवट्याखाली, बायका दुसऱ्याखाली. पोथ्या समुद्रात गेलेल्या. हातात लेखी काही उरलं नसताना या लोकांनी ही जागा तेवढी पिढ्यान् पिढ्या विसरू दिली नाही, याचं मला फार मोल वाटतं.

वाचलेल्यांचे वंशज कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, गावोगाव पसरले. तेलाचे घाणे चालवत, शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पेणचे पेणकर झाले, रोह्याचे रोहेकर. किहीमचं नाव लावणाऱ्या हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला.

नंतरच्या काळातल्या कबरींवर हिब्रूच्या जोडीला मराठी लेख सापडतो. दगडावर हिब्रू सन ५६८० असेल, तर त्यातून ३७६० वजा करायचे: १९२०. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं, म्हणून हिब्रू वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांतला मृत्यू असेल तर इसवी सन एकाने कमी येतो.

१९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. मृतांसाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायला दहा प्रौढ पुरुष लागतात. आज कोकणातल्या किती गावांत ते जमतील? कबरी मात्र गावातच राहिल्या. खाऱ्या वाऱ्याने अक्षरं झिजतायत, आणि चांगल्या हेतूने मारलेला चुनासुद्धा ती बुजवतो. माझी कळकळीची विनंती आहे: तुमच्या गावात असं कबरस्तान असेल, तर चुना मारण्याआधी प्रत्येक दगडाचा सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घ्या. मजकूर जसाच्या तसा उतरवा, अशुद्ध वाटला तरी सुधारू नका. आणि कोणती कबर कुणाच्या घरातली, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना याच वर्षी विचारून घ्या.