मिटवू नका, झाका



गांधी जयंती जवळ आली की वर्ध्यातल्या फ्लेक्सच्या दुकानांत एकच मागणी असते: बापूंचा फोटो घ्या, मागचं बॅकग्राऊंड उडवा. कॉम्प्युटरवर हे काम करणाऱ्या पोरापोरींशी आज मला बोलायचं आहे.

सेवाग्रामचे कितीतरी जुने फोटो कनू गांधींनी काढलेले. ते बापूंच्या नात्यातले, आश्रमातच राहणारे. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या 100 रुपयांतून रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. बापूंच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही आणि आश्रम पैसे देणार नाही. यातली पहिली अट तुम्हाला आजही माऊसच्या टोकाशी जाणवते. कुडामातीच्या खोलीत येईल तेवढ्याच उजेडातला फोटो. त्यामुळे कडा मऊ, आणि पांढरा पंचा नि फिकट भिंत जवळजवळ एकाच करड्या छटेची. मॅजिक वँडने भिंतीवर क्लिक केलं की सिलेक्शन थेट पंचात शिरतं. इथे पेन टूल घेऊन कड हातानेच काढावी लागते. वेळ जातो, पण दुसरा चांगला मार्ग मला तरी माहीत नाही.

आता इरेझर. रंगीत चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. चौथा आकडा अल्फाचा: 0 म्हणजे पूर्ण पारदर्शक, 255 म्हणजे पूर्ण भरीव. गिंप या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये लेयरला अल्फा चॅनेल जोडलेला नसेल तर इरेझर नुसता मागचा रंग फासतो, बहुतेक वेळा पांढरा. अल्फा जोडला की त्या जागी करड्या चौकटी दिसतात. तीच पारदर्शकता.

पण माझं आग्रहाचं सांगणं आहे की इरेझर घेऊच नका, लेयर मास्क घ्या. मास्कवर काळा ब्रश फिरवला की तेवढा भाग झाकला जातो, पांढरा फिरवला की परत दिसतो, करड्याने अर्धवट दिसतो. लग्नातल्या अंतरपाटासारखं आहे हे: पलीकडचं माणूस दिसत नाही, पण असतं तिथेच. केसांची, शालीच्या सुतांची कड मऊ करड्या ब्रशने सोडा. कडेला जुन्या भिंतीचा रंग उरला तर केशरी फ्लेक्सवर बापूंभोवती पांढरट रेघ उमटते. त्यासाठी सिलेक्शन एखाद्या पिक्सेलने आत घ्या. आणि फाइल पीएनजी करा. जेपेगला पारदर्शकता ठाऊकच नाही.

माणूस कापून घेणं वाईट असं मी म्हणत नाही. 1996 पासून नोटांवर असलेला बापूंचा हसरा चेहराही 1946 च्या एका फोटोतून घेतलेला. मूळ फोटोत शेजारी ब्रिटिश मंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स आहेत. नोटेवर त्यांचं काम नव्हतं, ते ठीकच. पण सेवाग्रामचा तो फोटो आठवा, कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींची बापू सेवा करताहेत. शास्त्रीबुवांना उडवलं तर बापूंचे हात कशासाठी पुढे झालेत तेच कळणार नाही. आश्रमातल्या बापू कुटीच्या भिंतीवर बापूंच्या शिष्या मीराबेननी मातीत उठवलेली ताडाची झाडं, चरखा, हे उडवताना मला तरी हात आवरावासा वाटतो. ते बॅकग्राऊंड नाही, ते आपलं गाव आहे.

म्हणून मूळ स्कॅनला हात लावू नका, त्याची प्रत घ्या. पीएनजी गिऱ्हाईकाला द्या, पण लेयर आणि मास्क असलेली एक्ससीएफ किंवा पीएसडी फाइल आपल्याकडे ठेवा. तिच्याजवळच साध्या मजकुराच्या फाइलीत, फोटोत कोण कोण आहे, कुठला, कधीचा, जेवढं ठाऊक असेल तेवढं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कोणी म्हणालं, शेजारी बसलेल्या कस्तुरबाही हव्यात, तर मास्कवर पांढरा ब्रश फिरवला की झालं.